दोनशे तेरा नंबरचं दार

१

आमच्या गावात घर शोधायला आलेला परका माणूस मला फार आवडतो. हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर घराचा नंबर आणि चेहऱ्यावर विश्वास. सत्तेचाळीस सापडलं की अठ्ठेचाळीस शेजारीच असणार, असं त्याला त्याच्या गावाने शिकवलेलं असतं. आमच्याकडे सत्तेचाळीसच्या एका अंगाला नऊ आहे आणि दुसऱ्या अंगाला तीनशे दोन. अठ्ठेचाळीस पार घंटेच्या मनोऱ्यामागे. मी त्या बिचाऱ्याला अगदी गंभीर तोंडाने उलट्या दिशेला पाठवतो. तासाभराने तो धापा टाकत परत येतो, तेव्हा मी तिथेच बसलेला असतो. मग त्याला चहा पाजतो. अगदीच दगड नाही मी.

यात माझा दोष नाही, गावाचा आहे. आमच्या गावात घरांना नंबर बांधणीच्या क्रमाने पडतात. पहिलं बांधलं ते एक, त्यानंतरचं ते दोन, मग ते कुठे का असेना. पठाराच्या टोकावर झरा सापडला, त्याच्याभोवती अकरा घरं उठली, ती एक ते अकरा. त्यांनी भोवती तट बांधला. पोरंबाळं वाढली, तट पुरेना, म्हणून तो पाडून पुढे सरकवला आणि जुन्या तटाच्या दगडांतून एकसष्ट ते एकशे चाळीस ही घरं झाली. त्यांच्या भिंतींत बाण मारायच्या फटी अजून आहेत, हल्ली त्यातून मांजरं ये-जा करतात. मग एकदा आग लागली. मग आणखी एकदा तट सरकला, आणि तिथे कडाच लागला. पुढे जागा संपली. तेव्हापासून गाव आतल्या आत वाढतंय, गर्दीत बसलेल्या माणसाने अंग चोरून आणखी एकाला जागा द्यावी तसं. घर पडलं तरी त्याच जागी नवं उभं राहतं आणि जुनाच नंबर घेतं. आमच्याकडे माणसं मरतात, नंबर मरत नाही.

हे नंबर रंगवायचं काम माझं. पांढरी पत्र्याची पाटी, निळा आकडा. थंडी सरली की दरवर्षी शिडी आणि डबा घेऊन निघायचं आणि उडालेला रंग भरून काढायचा. सत्तेचाळीस वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंतच. आकडे गिरवून घेतले ते माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने. माझा तीन बरीच वर्षं तोंड फिरवून बसायचा, तो तिने कान धरून सरळ केला.

आता ती गोष्ट. त्रेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या पोस्टमनची खोडी काढायची म्हणून मी एक घर रंगवलं. घर रंगवलं म्हणजे घराला रंग दिला नाही. नसलेलं घर रंगवलं. तटाखालच्या गल्लीच्या टोकाला, जिथे गल्ली संपते आणि तटाची चार हात जाड भिंत उभी आहे, तिथे मी भिंतीवरच एक दार काढलं. तपकिरी फळ्या, लोखंडी कडी, वर दगडी चौकट. चौकटीची सावली दारावर डावीकडे टाकली, कारण मी सकाळी रंगवायला जायचो आणि सकाळी तिथे सावली तशीच पडते. खालची वीतभर जागा सोडून दिली, तिथे गवत होतं आणि मला कंटाळा आला होता. वर पाटी ठोकली: २१३. तेव्हा गावातलं शेवटचं घर दोनशे बारा होतं.

मग त्या पत्त्यावर एक पत्र टाकलं. पोस्टमन, आम्ही त्याला लांबट्या म्हणतो, पंधरा मिनिटं त्या भिंतीवर टकटक करत उभा होता. समोर दोर वळणाऱ्यांचं गोदाम, त्याला खिडकी नाही, मी कोपऱ्यामागे तोंडात मूठ घालून बसलेला. लांबट्या इतका ओशाळला की त्याने हे कोणाला सांगितलं नाही.

आणि मीही सांगितलं नाही. कारण पुढच्याच आठवड्यात पालिकेचे कारकून घरमोजणीला निघाले, त्या गल्लीच्या तोंडाशी थांबले, पाटी पाहिली आणि रजिस्टरात दोनशे तेरा लिहून मोकळे झाले. त्यानंतर बांधलेल्या घराला दोनशे चौदा मिळाला. म्हणजे तेव्हापासून आमच्या गावात नंबर जितके, त्याहून घरं एकाने कमी. आज नंबर तीनशे एक्केचाळीस, घरं तीनशे चाळीस. ते कारकून म्हणजे आमचे भाऊजी, ताईचे यजमान. अख्ख्या पालिकेत चूक न करणारा एकमेव माणूस अशी त्यांची ख्याती. मी दरवर्षी गुपचूप जाऊन ते दार नव्याने रंगवायचो आणि एकटाच हसून परत यायचो.

२

भाऊजींना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून ताई गावाचा इतिहास लिहितेय. ताईचं वय एकोणऐंशी, जन्म शाळेत शिकवण्यात गेला. तट कधी सरकला, आग कुठून लागली, सगळं तिने कागदपत्रांतून काढलं. शेवटचं प्रकरण घरांचं. त्यासाठी मात्र कागदावर विसंबायचं नाही, प्रत्येक दार स्वतः वाजवायचं, असं तिने ठरवलं आणि हिवाळाभर वही घेऊन फिरली. गुडघे दुखत होते तरी.

ताईला विनोद कळत नाही हे इथेच सांगून ठेवतो, पुढे लागेल. लहानपणी मी तिच्या दप्तरात बेडूक ठेवला होता. तिने तो बाहेर काढला, पट्टीने मोजला आणि लांबी वहीत लिहून ठेवली. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या तपकिरी जोड्यांपैकी डाव्याची नाडी काढून लालभडक घातली. तिने वाकून पाहिलं, म्हणाली की नवी दिसते, आणि तशीच वापरत राहिली. अशा बाईची खोडी काढण्यात काय मजा, पण सवय जात नाही.

बुधवारी मी तिच्याकडे चहाला गेलो. ती नेहमीसारखी टेबलाशी बसली होती, समोर पालिकेतून मागून आणलेलं भाऊजींचं पक्कं रजिस्टर आणि तिची वही. तिचा चेहरा मी इतका उजळलेला त्या सहा वर्षांत पाहिला नव्हता.

"बाळ, जुळलं," ती म्हणाली. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, तिच्यासाठी बाळ. "रजिस्टरात तीनशे एक्केचाळीस. मी दार वाजवून मोजली ती तीनशे एक्केचाळीस. तीस वर्षांत यांची एक चूक नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर हेच लिहिणार आहे."

चहा माझ्या तोंडाशी होता, तो तिथेच राहिला. तीनशे चाळीस यायला हवे होते. जगात हे मला एकट्याला माहीत. पण लगेच मनाशी म्हटलं, वय झालंय, एखादं घर दोनदा मोजलं असेल, दोन दारांचं असेल. किती सोपं. मी चहा प्यायलो.

मग माझं लक्ष शेगडीकडे गेलं. वरच्या दांडीवर तिचे लोकरी मोजे वाळत होते, तळ काळे झालेले. विचारलं तर म्हणाली, काल एका घरी जोडे काढून आत गेले आणि बोलण्याच्या नादात तशीच परत आले. असं ताईच्या हातून या जन्मात झालं नव्हतं.

३

ती दुसरा चहा टाकायला उठली तशी मी वही उघडली. दोनशे तेरा काढायला वेळ लागला नाही, ताईच्या वह्या कोणालाही सापडतील अशाच असतात. तिच्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं:

"२१३. तटाखालची गल्ली, शेवटचं दार. पुढे एक खोली, मागे एक. मागच्या खोलीला तटाबाहेर उघडणारी खिडकी, तीतून उतार व खालची नदी दिसते. माणसं चार: बाई, तिची सासू, दोन मोठे मुलगे. फरशी नुकतीच पुसलेली, जोडे काढावे लागले. पाणी दिलं, फार थंड. बोलणं आदबशीर. इतक्या वर्षांत कोणीतरी विचारायला आलं याचा आनंद झाला म्हणाल्या. घर कोणत्या साली बांधलं ते त्यांना सांगता येईना. ज्याने केलं तो दरवर्षी येतो, पण आत येत नाही, असं म्हणाल्या. शुक्रवारी दुपारी तीनला पुन्हा जाणे. साल विचारणे. जोडे आणणे."

मी दोनदा वाचलं. मग मला हसू फुटलं, अगदी पोटातून. ताईने मला पकडलं होतं. त्रेचाळीस वर्षांनी माझ्या दाराचा पत्ता लागला आणि म्हातारी माझीच फिरकी घेत होती. काय रचलं होतं, फरशी काय, पाणी काय.

ती कप घेऊन आली तेव्हा मी डोळे मिचकावून म्हटलं की दोनशे तेराची मंडळी फारच चांगली दिसतात. तिने मान डोलावली. म्हणाली, हो, पण सासूबाईंना ऐकू कमी येतं, शुक्रवारी जरा मोठ्याने बोलावं लागेल.

तिने एकदाही माझ्याकडे चोरून पाहिलं नाही. खोडी काढणारा माणूस चोरून पाहतोच. मी सत्तर वर्षं पाहत आलोय.

४

गुरुवारी सकाळी डबा, ब्रश घेऊन तटाखालच्या गल्लीत गेलो. या वर्षीची फेरी अजून व्हायची होती, म्हणून कोणी विचारलं असतं तरी बहाणा तयार होता. विचारणार कोण, त्या गल्लीत कुत्रंही फिरकत नाही.

दार होतं तिथे होतं. भिंतीवरचं, रंगाचं, माझ्याच हातचं. सावली डावीकडे, सकाळची. मी तळहात टेकवला, दगड, गारठलेला. टकटक केली, बोटांची सालं निघाली आणि आवाज दगडासारखाच बद्द आला. इतकं हलकं वाटलं की मी त्या कडीला वाकून नमस्कार केला आणि आत कोणी आहे का म्हणून विचारलंसुद्धा. कोणी नव्हतं. कसं असेल.

रंग ताजा वाटला. या उंचीवरच्या थंडीत दरवर्षी पोपडे धरतात, या वेळी एकही नव्हता. बरं झालं, काम वाचलं, असं म्हणून मी निघालो.

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि पाय थांबले. काहीतरी खटकलं होतं ते आत्ता ध्यानात आलं. परत गेलो नाही, तिथूनच वळून पाहिलं. खालची वीतभर जागा मी कधीच रंगवली नव्हती. आता गवत नव्हतं. समोरची जमीन झाडल्यासारखी साफ होती, फळ्या थेट खालपर्यंत आल्या होत्या, आणि त्यांच्याखाली बोटभर उंचीची काळी रेघ होती. दाराखाली फट असते तशी.

कुठल्यातरी वर्षी मीच पुरी केली असेल, मी स्वतःला सांगितलं. त्रेचाळीस वर्षं, माणूस विसरतो. परवा मी चष्मा डोळ्यांवर ठेवून शोधत होतो. सांगता सांगता मी गल्लीच्या बाहेर कधी आलो ते कळलं नाही. डबा तिथेच राहिला होता.

५

आता संशयाला एकच माणूस उरला, लांबट्या. या सूडासाठी त्याने त्रेचाळीस वर्षं वाट पाहिली असेल तर मी त्याच्या पाया पडायला तयार होतो. तो निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, झऱ्याजवळ उन्हात बसून पाय शेकतो. मी शेजारी टेकलो आणि सरळच विचारलं, दोनशे तेराबद्दल ताईला काय काय सांगितलंस.

त्याने कोणाला काहीच सांगितलं नव्हतं. त्याने आपल्या नातवंडांची शपथ घेतली, आणि लांबट्या शपथ खोटी घेत नाही, त्याला तेवढी कल्पनाशक्ती नाही. उलट तोच माझ्यावर चिडला. म्हणाला, एकदा थट्टा केलीस ती केलीस, पण पुढे वर्षानुवर्षं त्या पत्त्यावर पत्रं पाठवत राहिलास, ते काही बरं केलं नाहीस. महिन्या-दोन महिन्यांनी एक तरी असायचं. मला काय, मी निमूट टाकून यायचो.

मी एकच पत्र पाठवलं होतं.

"टाकायचास म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? दाराखालून सरकवायचो."

"कशाखालून?"

लांबट्याने आपला उजवा हात जरा पुढे केला, काहीतरी पातळ आत सरकवताना करतात तसा, आणि त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने दोन्ही हात काखेत घातले आणि म्हणाला की ऊन गेलं. ऊन कुठेही गेलेलं नव्हतं.

६

आता तुम्ही म्हणाल, सरळ जाऊन ताईला सांगायचं. म्हणायला काय जातं. सांगायचं म्हणजे हे सांगायचं की ते दार माझं, तो नंबर माझा, आणि तुझ्या नवऱ्याने तो डोळे मिटून लिहिला. तीस वर्षांत एक चूक नाही, या एका वाक्यावर ती बाई सहा वर्षं चालत होती. गुडघे घेऊन, वही घेऊन, तीनशे चाळीस दारं. तिच्याकडे भाऊजींचं दुसरं काय उरलं होतं?

म्हणून मी मला येतं तेच केलं. शुक्रवारी सकाळी तिच्याकडे जाऊन, ती आत असताना, भिंतीवरचं घड्याळ दोन तास मागे लावलं. तीन वाजून जातील, भेट चुकेल, आणि भेट चुकली की ताई शरमेने आठवडाभर तिकडे जाणार नाही. तोवर भिंतीला चुना फासून टाकू. फार हुशारी वाटली मला माझी. दुकानात येऊन आरामात पाटी रंगवत बसलो.

मनोऱ्यावर तीनचे टोले पडले आणि माझा ब्रश थांबला. एकोणऐंशी वर्षं ती बाई त्या टोल्यांवर जगत आलेली. ती घड्याळाकडे कशाला बघतेय!

गाव चढाचं आहे. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. तरी धावलो. वाटेत कोणीतरी विचारलं, आज कोणाचा बळी घेतला, आणि हसलं. माझ्या धावण्याचा गावात एकच अर्थ होतो.

गल्लीच्या टोकाला ताई उभी होती. तिने आपले थंडीतले बूट काढून भिंतीकडेला नीट जोडून ठेवले होते. पायांत नुसते मोजे, काखेत वही, आणि हात कडीच्या दिशेने उचललेला. कडी ती रंगाची. पण सावली. दुपारचं ऊन दुसऱ्या अंगाने येत होतं आणि चौकटीची सावली दारावर उजवीकडे पडली होती. रंगवलेली सावली बाजू बदलत नाही हो. मी रंगारी आहे, तेवढं मला कळतं.

आणि दार वीतभर उघडं होतं.

मी पाहिलं ते फार नाही. उगाच वाढवून सांगणार नाही, या एका बाबतीत नाही. ओली, पुसलेली फरशी. मागून येणारा उजेड, चार हात जाड भिंतीत जिथून उजेड यायला जागा नाही तिथून. डाव्या हाताला भिंतीशी जोड्यांची ओळ, चार जोड, आणि पाचवा ताईचा, लाल नाडी असलेला. सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला. पाचव्या जोडापलीकडे आणखी एका जोडापुरती जागा मोकळी होती. ती कोरडी पुसून ठेवलेली होती.

आतून कोणीतरी दाराकडे येत होतं. घाई नव्हती. ओल्या फरशीवर अनवाणी पाय पडतात तसा आवाज, चप, चप, पाहुणे आलेत हे माहीत असलेल्या माणसाचा.

"ताई," मी म्हटलं, "हे घर नाही. हे दार मी रंगवलंय."

तिने मान वळवली. हात तसाच.

"लांबट्याची थट्टा म्हणून रंगवलं. नंबर मी ठोकला. भाऊजींनी पाटी बघून लिहून घेतला. रजिस्टर चुकलंय, ताई. घरं तीनशे चाळीस आहेत."

लहानपणी माझ्या कानाला हात घालण्याआधी ती जशी बघायची तशी बघत राहिली. चप, चप.

"आत मी पाणी प्यायले," ती म्हणाली.

"तीनशे चाळीस, ताई. तुझी शपथ."

मी जन्मात तिची शपथ घेतली नव्हती, खोटी नको म्हणून. हे तिला ठाऊक होतं. तिने हात खाली घेतला. आणि मग तिने जे केलं ते ताईच करू जाणे. चूक सापडली की सापडल्या जागी दुरुस्त करायची, घरी जाऊन नाही, हा तिचा नियम. तिने वही उघडली. दोनशे तेराचं पान काढलं. पिशवीतून पेन्सिल काढली. आता एक रेघ मारायची, झालं. पण नाही. ती पुन्हा पिशवीत हात घालून शोधू लागली. पट्टी शोधत होती. रेघ वाकडी येता कामा नये.

आतली पावलं दाराशी येऊन थांबली. उघड्या फटीच्या कडेवर चार बोटं आली, ओली, आणि त्यांनी फळी आतल्या बाजूला ओढायला सुरुवात केली.

ताईने पट्टी ठेवली आणि रेघ मारली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी डोळे मिटले नव्हते, तरी मला सांगता येत नाही मधे काय झालं. समोर भिंत होती. भिंतीवर तपकिरी रंगाचे पोपडे, खाली वीतभर गवत, आणि चौकटीची सावली भर दुपारी डावीकडे. चुकीच्या बाजूला पडलेली सावली पाहून इतका आनंद झालेला मी पहिलाच माणूस असेन. मी गल्लीतच बसलो आणि हसलो, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

ताईने बूट घातले. "ऊठ," म्हणाली, "कपडे खराब होतील."

७

त्याच संध्याकाळी मी दारावर चुन्याचे तीन हात मारले आणि पाटी उखडून काढली. ताई माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी जायचो, ती चहा द्यायची, समोर बसायची, पक्क्या रजिस्टरावर हात ठेवून. बोलली असती, कान धरला असता तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी तिने मला कपाटावरून एक गाठोडं काढायला लावलं. भाऊजींची कच्ची रजिस्टरं. पालिकेत आधी कच्च्यात लिहायचं, मग पक्क्यात उतरवायचं. पक्कं पालिकेचं, कच्चं कारकुनाच्या घरी धूळ खायला. ताईने ती कधी उघडली नव्हती. पक्कं असताना कच्चं कशाला बघायचं. आता म्हणाली, चूक कुठून सुरू झाली ते तरी पाहू.

दोनशे तेरापाशी पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं. ताईने मोठ्याने वाचलं. "दार आहे, घर नाही. मेव्हण्याचा उद्योग. वर कळवलं तर त्याचं काम जाईल. नंबर राहू द्यावा, पुढे मोजताना एक वजा धरावा. त्याला सांगू नये, फुशारकी मारेल."

त्रेचाळीस वर्षं मी त्या माणसाला हसत होतो, आणि तो माणूस होता तोवर दर रविवारी माझ्यासमोर बसून मुकाट्याने चहा पीत होता.

"म्हणजे चूक नव्हती," ताई म्हणाली. "माहीत असून लिहिलं. त्याला चूक म्हणत नाहीत."

खाली आणखी एक ओळ होती, वेगळ्या पेन्सिलीची, बऱ्याच वर्षांनंतरची. ती तिने मोठ्याने वाचली नाही. रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

"आज दार उघडं होतं. विचारपूस केली नाही. यापुढे या गल्लीच्या तोंडावरून येऊ नये."

ताई खिडकीकडे बघत होती. म्हणाली की पालिकेतून घरी यायला त्या गल्लीच्या तोंडावरची वाट जवळची, पण शेवटची वीस वर्षं हे मनोऱ्याला वळसा घालून यायचे. तिला वाटायचं, पाय मोकळे करायला.

मग तिने रजिस्टर मिटलं आणि मला अर्धा तास फैलावर घेतलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

८

पुस्तक आता छापायला गेलंय. घरं तीनशे चाळीस, नंबर तीनशे एक्केचाळीस, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की एक नंबर रिकामा आहे, कारण एका रंगाऱ्याचं शिक्षण अपुरं राहिलं. छान झोप लागते मला. लांबट्या उन्हात पाय शेकतो. चुन्याला अजून भेग गेलेली नाही, मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बघतो, पुढे जात नाही.

एवढंच, की गेल्या आठवड्यात सकाळी मी ताईकडे गेलो तर ती दारात उभी होती आणि खाली बघत होती. पायरीवर तिचे तपकिरी जोडे होते. स्वच्छ धुतलेले, नीट जोडून ठेवलेले, तोंडं बाहेरच्या बाजूला, पाय घालून निघता येईल असे.

दोन्ही नाड्या लाल होत्या.

मी डाव्याची बदलली होती. उजव्याची नाही. मी ताईकडे पाहिलं, ताईने माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा ती चोरून बघत होती.

"हा तुझाच उद्योग ना, बाळ?"

सत्तर वर्षांत केलेल्या एकाही खोडीची मी विचारल्याबरोबर कबुली दिलेली नाही. ही मी केलेली नव्हती.

"हो," मी म्हटलं. "माझाच."

ताई वाकली, तिने जोडे घातले आणि दोन्ही नाड्या घट्ट बांधल्या.